जावेच्या फ्रिजमधली नळी

धाकट्या जावेच्या बरण्यांत कॉर्डिसेप्सचे केशरी कोंब दाटीवाटीनं उभे होते आणि माझ्या बरण्यांत नुसता पांढरा कापूस. ही औषधी बुरशी वाढवायला तिला शिकवलं कोणी? मी!

प्रशिक्षण घेऊन कल्चरची, म्हणजे मूळ बुरशीची, नळी मीच आणली. गारखेड्यातल्या आमच्या मागच्या खोलीत एसी लावून शिजवलेल्या तांदळावर पहिली पिकं झकास काढली. पडेगावच्या या जावेला हौस आली, तेव्हा नळीतलं थोडं काचेच्या ताटलीत उतरवून घेतलं आणि जुनी नळी तिला देऊन टाकली. ताजं ते आपल्याकडे राहावं, एवढं मला कळतं.

पुढं मी विरजणासारखं चालवलं. या ताटलीतून त्या ताटलीत. दर वेळी सगळ्यात शुभ्र, भराभर पसरणारा तुकडा उचलायचा. घट्ट लागलेलं दहीच आपण विरजणाला ठेवतो ना? तिनं मात्र सुरुवातीलाच त्या नळीवरून बऱ्याच नळ्या भरून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि दर पिकाला त्यातली एक काढायची. मी तिला आळशी म्हणायचे.

माझे कोंब यायचे थांबले. मी तांदळाला नावं ठेवली, एसीला ठेवली. नाचता येईना, अंगण वाकडं. वाळूजच्या शिफ्टवरून आलेले आमचे हे म्हणाले, "या खेपेला नाय आलं तर खोली भाड्यानं देऊ." त्याच आठवड्यात जाऊ पाहुण्यांना आपल्या बरण्या दाखवत होती. माझ्या पोटात दुखत होतं. मी तिच्या चिवड्यात मीठ कमी आहे म्हणाले.

शेवटी प्रशिक्षणाच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "सारखं सारखं उतरवून कल्चर थकलंय. तुम्ही पांढरं निवडत गेलात. ते पसरतं, फळत नाही. जुनी नळी असेल तर तिच्यापासून धरा."

गेले पडेगावला. जावेनं मागताक्षणी फ्रिज उघडला.

"दोन न्या ताई. एक बिघडली तर?"

तिनं नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. मी दोन्ही घेतल्या.

तांदळावर बुरशी पसरली, उजेड दिल्यावर पिवळी पडली आणि एका सकाळी केशरी टोकं वर आली. खोली वाचली. यांनी ते पाहिलं आणि थेट जावेला फोन लावला. "तुमच्या नळीला कोंब आले बरं का!"

तुमच्या? माझं डोकं सणकलं. "माझ्या नळीला!" मी फोनमध्ये ऐकू जाईल असं ओरडले.

पलीकडून ती मोकळी हसली. "व्हय ताई, तुमच्याच."

इतकं सहज कोणी सोडून देतं का? मला त्याचाच जास्त राग आला.