छातीला लागणारी काठी
रबरी मुठीचा वास आला की कॉलेजच्या गोल्फ संघाची निवड आठवते. मिठागरात फावड्याचा दांडा छातीला लावून मापतात, तशीच मापून मिठागरात राबणाऱ्या वडिलांनी जुन्या बाजारातून माझ्यासाठी सगळ्यांत लांब स्टिक आणली होती. उरणच्या खाऱ्या वाऱ्यात, बांधावर मी तिनेच सराव केला. निवडीच्या दिवशी मात्र ती दरवेळी चेंडूच्या आधी गवतात रुतत होती. “स्टिक तुला मोठी पडते, म्हणून स्विंग बिघडतोय,” असं म्हणून प्रशिक्षकांनी पुढच्या मुलाला बोलावलं. फाटकाबाहेर वडिलांनी विचारलं, “बरोबर बसली ना? मापून आनली हाय.” मी राग गिळून “हाय” एवढंच म्हणालो. आता माझ्या मापाची स्टिक आहे, पण स्विंग अजून त्या लांब काठीचाच आहे.