किंमत नाही, असं लिहिलेला कागद

नववीत आम्हाला इंग्रजीला जे सर होते, ते शब्द शिकवायचे नाहीत, कापायचे. फळ्यावर शब्द लिहायचा आणि मधे रेघा मारून त्याचं डोकं, धड, शेपूट वेगळं करायचं. करेक्टच्या डोक्याला ‘इन’ लावलं की चूक, हॅपीच्या डोक्याला ‘अन’ लावलं की दुःखी. “इन, इम, अन, डिस दिसलं, की समजा नकार आला,” असं ते बजावायचे. मला तर जादूची किल्लीच सापडली. तळवलीला घरी येऊन मी दिसेल त्याला डोकी चिकटवत सुटले. धाकटा भाऊ अनआंघोळ, आमटी अनमीठ, आणि जिभेला हाड नसलेल्या शेजारच्या काकू अनगप्प. आई म्हणायची, “बाय, तुला शिकायला धाडलंय का येड लागायला?”

आमची भातशेती नव्या शहरासाठी सरकारनं घेतल्यापासून आई ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायची. मग कॅन्टीनचं कंत्राट बदललं आणि जुन्या बायका घरी बसल्या. तिथले साहेब भले होते. कुठे काम मागायला गेलीस तर दाखव, म्हणून त्यांनी आईला टाइप केलेलं एक इंग्रजी पत्र दिलं. वाशीच्या एका नव्या शाळेत आया नेमायची होती, नोकरी कंत्राटी नाही, कायमची. दुसऱ्या दिवशी दहा वाजता आईला तिथे बोलावलं होतं. ही नोकरी हुकली तर माझी शाळा बंद करून मला कंपनीत बाटल्या भरायला धाडायचं, असं घरात बोलणं चाललं होतं.

आई पीठ मळत होती. “वाच गं, काय लिवलंय त्यात.”

मी ऐटीत वाचायला घेतलं. बाई प्रामाणिक आहे, वेळेवर येते, स्वच्छता राखते. सगळं कळत होतं. पुढे आलं, ‘आणि तिचं काम इनव्हॅल्युएबल आहे.’ शब्द नवा होता, पण मी कसली घाबरते! केले तुकडे. व्हॅल्यू म्हणजे किंमत. डोक्याला इन. माझं तोंडच उतरलं.

“आई, तुझ्या कामाला काय किंमत नाय, असं लिवलंय.”

आईचे हात थांबले. “आधी चांगलं लिवलंय ना? मंग मधी ‘पन’ हाय का?”

मी पाहिलं. “नाय. ‘आनि’ हाय.”

“मंग येडे, ‘आनि’च्या दोनी बाजूला सारकाच माल असतो. आंबा गोड आनि रसाल म्हनतात. गोड आनि सडका म्हनतं का कोन?”

मी हटले नाही. सरांचा नियम म्हणजे नियम! तिला लिहितावाचता येत नाही, ती मला व्याकरण शिकवणार? आई शांतपणे म्हणाली, बिनकामाच्या बाईला कोणी तीन वर्षं ठेवतं का, आणि वाईटच लिहायचं तर साहेबानं बोलावून हातात कागद कशाला दिला असता? पुढे कॉलेजात युक्तिवादाचा धडा आला, दावा, कारण, पुरावा. तेव्हा कळलं की आई पीठ मळता मळता तिन्ही मांडून मोकळी झाली होती. त्या दिवशी मात्र मी रडून गोंधळ घातला, की पत्र दाखवू नकोस, हातची नोकरी जाईल.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मीही तिच्याबरोबर वाशीला गेले. मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर आईनं आधी पत्रच ठेवलं. मी डोळे मिटून घेतले.

“बाई, पोरगी म्हनते, यात माझी किंमत नाय असं लिवलंय,” आई सरळ म्हणाली. “मना काय तसं वाटत नाय. तुमीच बघा.”

बाईंनी वाचलं आणि त्या खळखळून हसल्या. मला म्हणाल्या, “किंमत नाही असं नव्हे गं, किंमत करताच येणार नाही, इतकं मोलाचं. आपण अनमोल म्हणतो ना, तसं!” जगाला ‘अन’ चिकटवत फिरणाऱ्या मला अनमोल तेवढा दिसला नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! आई हसली नाही. “मी तिला सांगितलं व्हतं, मधी ‘आनि’ हाय,” एवढंच म्हणाली. बाईंनी तिला सोमवारपासून यायला सांगितलं.

परतताना बस लवकर येईना. थांब्यावर आईनं पिशवीतून पत्र काढलं. “ते किमतीचं तेवढंच वाच.” मी वाचलं. “परत.” परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिनं पदरानं डोळे पुसले. आमच्या घरी भाकरी करपली तर सगळे बोलायचे. चांगली झाली तर गपगुमान खायचे, मीसुद्धा. मला तिच्याकडे बघवेना, इतकी लाज वाटली.

“आता इंग्रजी नको,” ती म्हणाली. “आपल्या बोलीत सांग. तुझ्या तोंडानं.”

रस्त्यावरून एक टँकर धडधडत गेला. तो लांब जाईपर्यंत मी थांबले, आणि मग सांगितलं.