डब्याच्या झाकणावरचा ठेका

देवापुढे मी सवयीने हात जोडतो. त्यापलीकडच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव वाचून मी अनेकदा हसलोही आहे. आज माझाच अनुभव लिहून पाठवताना त्या हसण्याची लाज वाटते. माझं वय चौपन्न. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी टाइमकीपर आहे. राहायला बोरीवली पूर्वेला.

मला एक कला अवगत होती, निदान तसा माझा समज होता. न कळणारी भाषा नुसत्या ध्वनीवरून ओळखायची. वसाहतीत सगळ्या मुलखांतली माणसं. मी शब्दांकडे लक्ष देत नसे. बोलण्यातला जोर कुठे पडतो, श्वास कुठे तुटतो, ते जेवणाच्या डब्याच्या झाकणावर बोटांनी वाजवून पाहायचो... आणि सांगायचो — तुळू. कच्छी. मैथिली. बहुधा बरोबर निघे. स्टोअरमधले पेडणेकर दर वेळी बटाटावड्याची पैज लावत आणि बहुतेकदा हरत.

त्र्याऐंशी सालच्या एका दुपारी, चारच्या सुमारास, गेटवर एक बाई आली. पन्नाशीची, अनवाणी, काखेत गाठोडं. हिंदीचाही गंध नव्हता.

"साहेब, तुमचं गिऱ्हाईक आलंय बघा!" पेडणेकर ओरडले. "आज मात्र तुमची वाट लागली. वडा तुमच्याकडून!"

चहाला बाहेर आलेले सात-आठ जण जमले. बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी ठेका धरला — दोन लांब, तीन आखूड, जरा थांबा, मग एक लांब. ती माझ्या बोटांकडे पाहू लागली. या माणसाला काहीतरी कळतंय, असं तिला वाटलं असावं. तेच वाक्य ती सावकाश, एकेक अक्षर सोडवून म्हणाली.

मला काहीही ओळखू आलं नाही. तेवढंच सांगता आलं असतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"संथाळी," मी म्हणालो.

"नक्की ना?"

"नक्की. नाक्यापुढे रस्त्याच्या कामावर त्या बाजूची माणसं आहेत. तिकडे पाठवा."

वॉचमनने हाताने रस्ता दाखवला. ती जाईना; गेटशेजारच्या दगडावर बसली. मी स्वतः तिला उठवलं. अदबीने, पण उठवलं. पेडणेकरांनी वडा मागवला आणि मी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाला गाठलं. "आली होती एक बाई," तो म्हणाला. "आमच्या माणसांना तिचं एक अक्षरही कळलं नाही. थोडी बसली, मग कुठे गेली कोण जाणे."

हे मी कोणालाच सांगितलं नाही. माझी पत्नी सुनंदा, तिलाही नाही.

तीन वर्षं गेली. रविवारी दुपारी टीव्हीवर प्रादेशिक चित्रपट असे, त्या दिवशी आसामी होता. सुनंदा शेजारी मटार सोलत होती, पुढ्यात स्टीलचा डबा. मी तिला काहीतरी म्हणालो. ती बोलली... आणि मला एक शब्दही कळला नाही.

वाटलं, थट्टा करते आहे. सवयीने माझी बोटं डब्याच्या झाकणावर गेली. कानडी नाही, ओडिया नाही... मी माझ्या बायकोची भाषा ओळखू पाहत होतो, आणि ती मराठी होती! मी बोलायला गेलो, तर माझा आवाजही मला परका वाटला. अर्धा तास हे चाललं. मग एकाएकी "अहो, ऐकताय ना?" हे शब्द स्वच्छ कानांवर आले.

संध्याकाळी डॉक्टरांनी तपासलं. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी पडला असेल, होतं असं, म्हणाले. मला ते पटलं. घरी आल्यावर सुनंदा म्हणाली, "तुम्ही सारखं एकच वाक्य घोळवत होतात."

"कोणतं?"

"शब्द नाही सांगता येणार. पण असं —"

तिने झाकणावर वाजवलं. दोन लांब, तीन आखूड, जरा थांबली, मग एक लांब. मी तिला पुन्हा वाजवायला लावलं.

"एवढं काय त्यात? मला कळलं होतं तुमचं म्हणणं," ती म्हणाली. "माझं माणूस आत आहे, आत्ता बाहेर येईल, तोवर इथेच बसू दे, असं म्हणत होतात. माझी हाक ऐकून शेजारचे भाऊ आले, ते तर तुम्हाला उचलून दवाखान्यात न्यायला निघाले होते. मीच म्हटलं, बसू द्या त्यांना."

"घरात आपण दोघंच राहतो गं. आत कोण असणार?"

"ते मला काय ठाऊक? तुम्ही म्हणत होतात."

आमची पाळी साडेचारला सुटते. ती बाई आली तेव्हा चार वाजले होते.

मग मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती मटाराची टरफलं गोळा करू लागली. "ओळखू येत नाही म्हणाला असतात," ती म्हणाली, "तर बसली असती ना हो ती."

ठेका माझ्या स्मरणात रुतून बसला असेल, हे मी समजू शकतो. पण अर्थ मला कधीच कळला नव्हता. तो सुनंदाला कुठून कळला? तिलाही सांगता येत नाही. खरा तोच अर्थ होता का, हेही मला ठाऊक नाही. ती भाषा कोणती, ते तर नाहीच नाही.

त्या दगडाच्या जागी मी आता एक बाकडं ठेववून घेतलं आहे. गेल्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ गेटवर आले. बोलणं कोणालाच समजेना.

"बोला साहेब, कुठली?" पेडणेकरांनी विचारलं. "वडा लावू?"

माझी बोटं शिवशिवली, खोटं कशाला सांगू... मी हात खिशात घातले.

"मला नाही कळत, पेडणेकर," मी म्हणालो. "पाळी सुटेपर्यंत बसू द्या त्यांना."