धक्क्यावर तो माणूस काय म्हणाला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवालाही नाही — चिंचवडला राहून, रोज सकाळी नदीवरून देवळात जाऊनसुद्धा नाही. आणि देवाला सांगितलं असतं तरी काय झालं असतं? तो काही चाकणला जाऊन कुणाला सांगणार नव्हता.

तुम्ही या भागातले असाल तर मला ओळखतही असाल. विम्याचा माणूस. सायकल, छत्री, कातडी पिशवी. आयुर्विमा सरकारने घेतला तेव्हा माझ्या ओळखीचे बरेच एजंट तिकडे गेले. मी मात्र आगीच्या, अपघाताच्या आणि प्रवासाच्या विम्यातच राहिलो. मुंबईच्या एका कंपनीचं काम करतो. लोक म्हणतात, हा माणूस शब्दाचा पक्का. हे ते का म्हणतात, माहीत आहे? चाकणच्या इस्माईलमुळे. आणि मला सांगायचं आहे ते इस्माईलचंच.

नाशिक रस्त्याला त्याचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. कांदा-बटाट्याचे ट्रक त्याच्याकडे यायचे. मी पहिल्यांदा गेलो तो दुकानाचा आगीचा विमा उतरवायला. तो ट्रकखाली आडवा पडलेला. माझं बोलणं त्याने तसंच पडल्या पडल्या ऐकलं, मधूनमधून हात बाहेर काढून माझ्याकडून पाने मागून घेतले, आणि शेवटी म्हणाला, की माझ्या दुकानात समदं लोखंडच हाय, जळायचं काय? विमा काही घेतला नाही. जेवायला मात्र घरी नेलं. त्याची बायको झुबेदाभाभी — तिने ओळख ना पाळख, दुसरी भाकरी वाढली. तेव्हापासून चाकणला गेलो की मी त्यांच्याकडे जेवायचो. मित्र असाच होतो ना? आपल्याला कळतसुद्धा नाही.

सिलोनच्या सहलीची कल्पना माझी. हेही स्पष्ट लिहितो — माझीच. पिंपरीला तेव्हा कारखान्याच्या भिंती उभ्या राहत होत्या. मला वाटलं, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा माणूस आज ना उद्या जग बघायला निघेल. मुंबईचे लोक समुद्रापलीकडे सहली नेतात, मग चिंचवडच्या माणसाने का नेऊ नये? आणि प्रत्येकाचा प्रवासाचा विमा माझ्याचकडून. बाजारात मी हे इतक्यांना सांगितलं होतं, की पहिली सहल निघण्याआधीच लोक मला हसून ‘लंकेचे राजे’ म्हणायला लागले होते. मला ते आवडायचं.

पहिल्या खेपेला आकुर्डीचे वीटभट्टीवाले दोघे भाऊ आणि त्यांच्या बायका तयार झाल्या. त्यांना सीतेची लंका बघायची होती. आणि इस्माईल तयार झाला, भाभीसकट. तिकडे एका डोंगराच्या माथ्यावर बाबा आदमच्या पावलाचा ठसा आहे, असं त्याने लहानपणापासून ऐकलेलं. पोरांना आजीकडे ठेवून ते निघाले.

निघण्याआधी सगळ्यांना इस्माईलच्या दुकानात बसवून मी विम्याच्या अटी समजावून सांगितल्या. पूर, वादळ, दरड, बोटीचा अपघात — सगळ्याची भरपाई. फक्त एक अट. पुढे असा धोका आहे हे प्रवाशाला आधी कळलेलं असेल, आणि तरीही तो गेला, तर कंपनी बांधील नाही.

इस्माईलने विचारलं, “म्हंजी ठावं नसलं तर पैसं, आन् ठावं असलं तर न्हाई?”

मी हो म्हणालो.

“मग यात अडाणी माणसाचाच फायदा हाय की,” तो म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो.

मद्रासवरून आम्ही धनुष्कोडीला, सिलोनच्या बोटीच्या धक्क्यावर पोचलो. बोट नुकतीच पलीकडून आली होती, माणसं उतरत होती. आम्ही सामानावर बसून होतो. उतरणाऱ्यांत एक मद्रासी माणूस होता, चहाच्या मळ्यावरचा कारकून. बायकोपोरांना घेऊन आपल्या गावी परत चाललेला. त्याने आमच्यातल्या बायकांकडे बघितलं, आणि आपणहून माझ्यापाशी येऊन इंग्रजीत विचारलं, कुठे जाताय? मी डोंगरातल्या गावाचं नाव सांगितलं.

मग तो जे बोलला ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. वर पाऊस थांबतच नाही. डोंगर खाली येतायत. आमच्या मळ्यातली मजुरांची एक चाळ माणसांसकट गाडली गेली. रस्ते आज आहेत ते उद्या नाहीत. खाली समुद्राकाठी हवं तितकं फिरा, पण वर जाऊ नका. बायकांना घेऊन तर नकोच.

आमच्यात इंग्रजी फक्त मला येत होतं. भाभी जवळच तांब्या घेऊन उभी होती. तिने विचारलं, काय म्हणतो तो?

मी म्हणालो, “वर थंडी फार आहे म्हणतो. गरम कपडे हाताशी ठेवा.”

एवढंच. एक वाक्य. ते बोलताना माझा आवाज कापला नाही, नजर खाली गेली नाही. भाभीने लगेच ट्रंक उघडून शाल वर काढून ठेवली.

का बोललो असं? मी त्या माणसावर विश्वास ठेवला नाही, म्हणून? — नाही. ठेवला होता. त्याचा चेहरा बघून कुणीही ठेवला असता. पण परत फिरलो असतो तर चिंचवडच्या बाजारात काय तोंड दाखवलं असतं? लंकेचे राजे धक्क्यावरूनच परत आले. वरच्या विश्रामगृहाचं भाडं मी आगाऊ भरलं होतं, आणि भीतीने मागे फिरणाऱ्याला विमा काही देत नाही. आणि नुसतं खालीच फिरायचं म्हटलं तर? इस्माईलचा डोंगर वरच होता. तो हिरमुसला असता. एवढ्यासाठी. खरंच, एवढ्यासाठी.

वर पोचलो तेव्हा पाऊस होता. एक दिवस विश्रामगृहात कोंडून काढला. दुसऱ्या सकाळी जरा उघडलं. इस्माईल म्हणाला, राहू दे आज, आभाळ काही बरं दिसत नाही. पण भाभीने धरलं — इतक्या लांब आलो, डोंगराच्या पायथ्याशी तरी जाऊ, माथा लांबून बघू. तिचा फार हट्ट होता असंही नाही. बायको नवऱ्याला म्हणते तसं ती म्हणाली. तो हो म्हणाला. मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडायला तेव्हासुद्धा वेळ होता ना? मी बस ठरवायला गेलो.

अर्ध्या वाटेत रस्त्यावर दगड आलेले. बस थांबली. ड्रायव्हर आणि क्लीनर दगड हटवायला खाली उतरले, आणि त्यांच्यामागे इस्माईल. गाडी अडलेली असताना तो आत बसूच शकत नसे. आकुर्डीकर भाऊही उठले होते. त्यांना मी बसवलं — म्हणालो, बसा हो, आहेत ते तिघे. मी स्वतः जागचा हललो नाही. का हललो नाही? कारण बस थांबल्यापासून मी डाव्या हाताच्या डोंगराकडे बघत होतो. मला ठाऊक होतं, म्हणून मी त्याच्याकडे बघत होतो. बसमधला दुसरा कुणी तिकडे बघतही नव्हता.

पोत्यातून बटाटे ओतावेत तसा आवाज झाला. आधी थोडा, मग खूप. ड्रायव्हर पळाला. क्लीनर आणि इस्माईल वाकलेले होते. समोरचा रस्ताच गेला.

मळ्यातल्या मजुरांनी दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढलं. तिथल्याच कबरस्तानात त्याला मूठमाती दिली. भाभी त्याला चाकणला आणू शकली नाही. येताना बोटीत ती कुणाशी बोलली नाही. फक्त एकदा मला म्हणाली, मधूभाऊ, तुम्ही काही खाल्लं नाही.

आता दुसरी गोष्ट. कंपनीचा अधिकारी मुंबईहून माझ्या घरी आला. भला माणूस होता. चहा घेता घेता त्याने रीतीप्रमाणे विचारलं, की धोक्याची आधी काही सूचना मिळाली होती का? मी म्हणालो, नाही.

या ‘नाही’ला मी पुष्कळ वर्षं एक सुंदर कपडा घातला होता. मी स्वतःला सांगायचो — मी हे भाभीसाठी केलं. खरं बोललो असतो तर तिला आणि पोरांना काही मिळालं नसतं. किती छान वाटतं ना ऐकायला? मीसुद्धा जवळजवळ विश्वास ठेवला. पण मी विम्याचा माणूस आहे. अट मला पाठ होती. प्रवाशाला कळलेलं असेल तर. इस्माईलला कुठे काय कळलं होतं? त्याला कळू दिलं नव्हतं मीच. मी उठून म्हणालो असतो, साहेब, मला माहीत होतं, त्याला नव्हतं — तरी भाभीचे पैसे तिला मिळालेच असते. गेला असता तो माझा परवाना. माझी अब्रू. कदाचित खटला झाला असता. खरं बोलण्याने तिचं काहीच जाणार नव्हतं. जे जाणार होतं ते सगळं माझं होतं.

पैसे आले. चाकणात बोलबाला झाला, की माधवने शब्द पाळला. आणि मी काय केलं? त्याचा धंदा केला. ज्या दारात जाईन तिथे म्हणायचो, चाकणच्या इस्माईलचं ऐकलंत ना? विमा नसता तर त्या बाईचं काय झालं असतं? लोक हळहळायचे आणि सही करायचे. पिंपरीत, भोसरीत, तळेगावात माझं काम वाढलं ते त्याच्या मरणावर. घराला कौलं घातली ती त्याच्यावर.

इथेच संपलं असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. पण गेल्या वर्षी, उन्हाळ्यात, मी चाकणला गेलो होतो. दुकान आता भाभीचा भाऊ चालवतो. ती पुढच्या बाजूला ट्रकचं सुटं सामान विकते. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मला पाणी देऊन ती समोर बसली आणि म्हणाली, एक विचारू का?

“त्या धक्क्यावरचा मानूस तुमास्नी काय म्हनला व्हता? त्यो माझ्याकडं लई बगत व्हता. नुस्तं थंडीचं सांगाया मानूस आसा बगत न्हाई.”

ती पुढे बोलत राहिली. त्या सकाळी इस्माईल थांबूया म्हणाला होता, जाऊया असा हट्ट तिने धरला होता. इतकी वर्षं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पोरं मोठी होतायत तशी बापाबद्दल विचारतात, आणि तिला त्यांच्याकडे बघवत नाही. मीच त्याला मारलं, म्हणाली. रडली नाही. हिशेब झालेला असावा तसं म्हणाली. तिला माझ्याकडून काय हवं होतं ते मला लख्ख कळलं. तिला फक्त हे हवं होतं, की तिच्या त्या एका बोलण्याशिवाय आणखी काही कारण होतं का.

होतं. ते तिच्यासमोर पाणी पीत बसलं होतं.

मी म्हणालो, “थंडीचंच म्हणाला होता, भाभी.”

तिने मान हलवली. मग मी तिचं सांत्वन केलं. नशीब कुणाला चुकत नाही, तुमचा काही दोष नाही, वगैरे. ती सगळं ऐकत राहिली, आणि माझं सांत्वन हे सांत्वनच आहे, खरं नव्हे, असं समजून तिने ते बाजूला ठेवलं. मला दिसलं ते. दिसत असताना मी छत्री उचलली आणि निघालो.

धक्क्यावर मी घाबरट होतो, पोकळ ऐटीचा होतो. अधिकाऱ्यासमोर लबाड होतो. पण त्या दुपारी मी जे केलं त्याला माझ्याकडे शब्द नाही. तेव्हा घाई नव्हती, बोट सुटत नव्हती, परवान्याचं कुणी विचारत नव्हतं. एक बाई माझं ओझं आपलं समजून वाहत होती, आणि ते खाली ठेवू का, असं मलाच विचारत होती. मी म्हणालो, राहू द्या.

वर्ष झालं. हे वर्ष मी कसं काढलं ते सांगत नाही. त्याचं इथे काही काम नाही.

कंपनीला मी काल कळवलं आहे, की मुंबईला येऊन मला एका जुन्या प्रकरणाबद्दल बोलायचं आहे. ते परवाना काढून घेतील, किंवा आणखी काही करतील. करू देत. बायकोला आज संध्याकाळी सांगणार आहे. उद्या शनिवार, चाकणचा बाजार. भाभी दुकानातच असेल, तिचा भाऊ असेल, थोरली मुलगीही असते हल्ली. त्यांच्यासमोरच बोलणार आहे, कारण तिच्या मनातलं ‘मीच त्याला मारलं’ हे वाक्य पोरांच्या देखतच पुसलं गेलं पाहिजे. ती ‘बसा’ म्हणाली तरी बसणार नाही. सायकलला हवा भरून ठेवली आहे. उन्हं चढायच्या आत वाटेतली मोशी ओलांडायची आहे.