क्लचखालचं गोणपाट

ओल्या गोणपाटाचा वास आला की डिंगोऱ्याहून नारायणगावला निघालेली ती दुपार आठवते. मागच्या सीटवर बहीण कळा सोसत होती, आई तिची पाठ चोळत होती आणि माझी दोन आठवड्यांची नवी गाडी गिअर घेत नव्हती. पहिला टाकायला गेलं की कर्रकन आवाज यायचा, वेग कमी केला की इंजिन थडथडायचं. "दादा, थांबू नको," बहीण दात आवळून म्हणाली, आणि ओतूरच्या पुढं चढावर गाडी बंदच पडली. मागून टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप येत होती, तिचा ड्रायव्हर उतरून आला. "इंजिन गेलं वाटतं," मी म्हणालो. त्यानं मला बाजूला केलं, गाडी न्यूट्रलला चालू केली आणि कान देऊन ऐकलं. इंजिन एकसारखं चालत होतं. "इंजिनाला काय झालं न्हाई," तो म्हणाला, आणि क्लचखाली हात घालून त्यानं घडी केलेलं ओलं गोणपाट ओढून काढलं. "भाऊ, हे खाली असल्यावर क्लच पुरता दबंल कसा?" सकाळी वावरात पाणी भरून आल्यावर चिखलानं गाडी मळू नये म्हणून ते मीच अंथरलं होतं. आईनं गोणपाटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आम्ही दवाखान्यात वेळेत पोहोचलो, पण थोडक्यात. परवा त्याच दिवशी जन्मलेली भाची वावरातून आली आणि गाडीत बसताना पाय अधांतरी धरून म्हणाली, "मामा, गाडी मळंल." मी म्हणालो, "मळू दे."