तिच्या माहेरचा गवती चहा

शेजारच्या सुनेनं माझ्या खोकल्यासाठी काढा पाठवला, त्यात गवती चहा होता. वास आला अन् डोकं फिरलं. लग्नानंतर माझी बायको उमरेडहून आईनं दिलेला गवती चहाचा ठोंब ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली होती. मोरीच्या पाण्यावर तिनं तो कमरेएवढा वाढवला. त्याच अंगणात मी खुंट्या ठोकून लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, ताणायचो अन् सुताला पिठाची खळ लावायचो. एका सकाळी मी पानठेल्यावर गप्पा हाणत बसलो, उन्हानं खळ कडक झाली अन् हात लावताच धागे तुटले. मी तिच्यावरच बोंबललो, "तुह्या गवताच्या धारेनं तुटले वं!" कुदळ घेतली अन् ठोंब खणून रस्त्यावर फेकला. त्यावरून बैलगाडी गेली, गल्लीभर लिंबू कापल्यासारखा वास सुटला. ती म्हणाली, "अवो, तुटले कुठं ते तरी पाहा. गवत त्या कोपऱ्यात, धागे या टोकाले." ते मले दिसत होतं. तिची आई त्याच वर्षी वारली होती, हेही माहीत होतं. तरी मी पाठ फिरवून कुदळ धुवायला गेलो. ती खाली बसली, बोटं ओली करून एकेक धागा जोडून दिला. संध्याकाळी बिनवासाचा चहा पुढं ठेवून तिनं विचारलं, "गूळ बरोबर हाय का?" मी म्हटलं, हो. चूक कबूल करायची तेवढी एक वेळ होती अन् मी गुळावर बोललो. तिला जाऊन तीन महिने झाले. लोक म्हणतात, रडून मोकळा हो. रडू येत नाही, स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.