ताईंचं पायी मस्कत

कुठल्याही हॉटेलात शिरल्या की ताई मेनूकार्डाला हात लावत नसत. पर्स खुर्चीवर ठेवायची, सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचं, आत मान घालायची आणि विचारायचं, "भैया, आप लोग खुद क्या खा रहे हो?"

आतली माणसं आधी दचकायची. मग एकमेकांकडे बघून हसायची. आणि थोड्या वेळाने आमच्या टेबलावर कार्डावर कुठेच नसलेलं काहीतरी यायचं. कधी फणसाच्या आठळ्यांची भाजी, कधी ताकातली पातळ कढी आणि लालसर जाड भात, तर एकदा नुसता कांदा, मिरची आणि दही कालवून केलेला एक पदार्थ, ज्याचं नाव करणाऱ्यालाही माहीत नव्हतं. ताई पहिला घास घेऊन डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "बघ. खरं हॉटेल आतल्या बाजूला असतं."

ताई मूळच्या डोंबिवलीच्या. मस्कतला रुवीतल्या आमच्या ऑफिसात त्या क्वांटिटी सर्व्हेअर होत्या, म्हणजे बांधकामाला काय आणि किती लागेल याचा हिशेब मांडणाऱ्या. दार्सैतला माझ्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मुलगी अमेरिकेत मिलवॉकीला. यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, दुक्मच्या रिफायनरीत मेंटेनन्स इंजिनिअर. दुक्म म्हणजे मस्कतहून पाच-सहा तासांचा वाळवंटातला रस्ता. भाऊजी एक आठवडा सोडून घरी यायचे, तेही झोपायला.

मी नवीन होते तेव्हा एका गुरुवारी, म्हणजे इथल्या शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, ताई माझ्या टेबलापाशी आल्या.

"इथं येऊन चार महिने झाले ना? काय काय पाहिलंस?"

मी सांगितलं. मोठी मशीद, दोन मॉल, समुद्रकिनारा, आणखी एक मॉल.

"म्हणजे एसी पाहिलास," ताई म्हणाल्या. "उद्या सकाळी खाली ये. पायात बूट घाल. गाडीची किल्ली घरी ठेव. खलास."

'येतेस का' वगैरे नाही. ताईंकडे प्रश्न फार कमी असत.

मस्कत हे चालायचं शहर नाही असं तुम्हीही ऐकलं असेल. ताईंना ते कुणी सांगितलंच नव्हतं. हिवाळ्यात उन्हं वर येता येता आणि उन्हाळ्यात उजाडायच्या आत त्या बाहेर पडायच्या. दार्सैतच्या कृष्णमंदिराला बाहेरूनच हात जोडायचे, रुवीत करक, म्हणजे इथला दाट दुधाळ चहा, आणि मग मत्रा या जुन्या बंदरी वस्तीतल्या गल्ल्या. कुठल्या भिंतीवर कोणी काय रंगवलंय ते त्यांना तोंडपाठ. एका विजेच्या डब्यावर कोणीतरी कॉफीचं उंच भांडं काढलं होतं. सुताराच्या दुकानामागच्या भिंतीवर शिडाचं गलबत होतं आणि गलबतातून डोकावणारा एक बोकड. ताई कंबरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहायच्या.

"शिडं झकास काढलीत. वारा भरलाय त्यांच्यात. पण बोकडाला डोळे माणसाचे दिलेत. कोणासारखा दिसतो सांग?"

"कोणासारखा?"

"आपल्या अकाउंट्सच्या साहेबांसारखा."

तेव्हापासून आजतागायत मला त्या साहेबांशी गंभीरपणे बोलता आलेलं नाही.

ताईंची एक खोड मात्र सगळ्यांना जाचायची. समोरच्याचं वाक्य त्या पुरं होऊ देत नसत. मीटिंगमध्ये डायरेक्टर म्हणायचे, "सो आय थिंक वी शुड…" आणि ताई म्हणायच्या, "रीटेंडर. करेक्ट." पंचाईत अशी, की डायरेक्टरना खरोखर तेच म्हणायचं असायचं. बस थांब्यावरच्या अनोळखी बाईपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांची वाक्यं ताई पूर्ण करून देत.

फक्त एका ठिकाणी त्या गप्प बसायच्या. मत्राच्या मागच्या गल्लीत एक चहाचं दुकान होतं. तिथे शुक्रवारी सकाळी एक म्हातारे ओमानी गृहस्थ ऊद, म्हणजे पोटफुगं अरबी तंतुवाद्य, घेऊन बसायचे. बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले, बलुची वळणाचं हिंदी बोलणारे. सगळे त्यांना चाचा म्हणत. शेजारी त्यांचा मित्र मांडीवर छोटा ढोल घेऊन. तिकीट नाही, स्टेज नाही, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि वाफाळता चहा. चाचांनी तार छेडली की ताईंचा हात टेबलावर आपोआप ताल धरायचा आणि तोंड बंद व्हायचं.

भाऊजींना या भटकंतीत त्या ओढून बघायच्या.

"अहो, चला ना एकदा."

"पंधरा दिवस धूळ आणि वारा खाऊन आलोय," भाऊजी पांघरुणातून म्हणायचे. "मला बाहेरच्या भिंती दाखवू नकोस. चार भिंतींच्या आत राहू दे."

मग एका दुपारी ऑफिसात ताईंचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्या उभ्या राहिल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमच्या ह्यांना…" आणि पुढचं काही त्यांना बोलता येईना. त्यांचं अर्धवट राहिलेलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

भाऊजींना दुक्मला साइटवरच पक्षाघाताचा झटका आला होता. मस्कतला आणलं, जीव वाचला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. कळत सगळं होतं. पेपर समोर धरला की डोळे ओळींवरून फिरायचे. पण तोंडातून यायचं फक्त "हे… हे… हे…"

स्पीच थेरपिस्टने ताईंना बजावलं होतं, शब्द तुम्ही पुरवू नका, वाट बघा. आता हे सांगायचं ते नेमकं ताईंना!

एका संध्याकाळी मी वर गेले होते. भाऊजी काहीतरी मागत होते. "हे… हे…"

"पाणी? चहा? पेपर? पंखा लावू? उशी हवी? मुलीला फोन लावू?" ताईंची सरबत्ती सुरू. भाऊजींनी डाव्या हाताने बशी ढकलून दिली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

ताई स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. नळ सोडून त्या नुसत्याच उभ्या होत्या.

"माझ्या बडबडीमुळे तर त्यांचे शब्द परत येत नसतील ना गं?"

मग ताईंनी नळ बंद केला, तोंडावरून ओला हात फिरवला आणि म्हणाल्या, "घरात बसून हे व्हायचं नाही. शुक्रवारी यांना खाली काढू."

शुक्रवारी चाकाची खुर्ची बघूनच भाऊजींनी जोरजोरात मान हलवली. ताई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"तुम्ही नको म्हणताय ते मला कळलंय. पण तोंडाने 'नको' म्हणा. मग राहू दे."

भाऊजींनी ओठ हलवले. "हे… हे…" त्यांचे डोळे नुसते पेटले होते.

"नाही येत ना म्हणता? मग चला."

इतकी निर्दय माया मी पाहिली नव्हती. लिफ्टमध्ये भाऊजी आमच्याकडे बघायलाही तयार नव्हते. टॅक्सीवाल्याने खुर्ची डिकीत घातली आणि मत्राला उतरवून दिलं. गल्ल्यांमधले उंचवटे खुर्चीला पार होईनात. दोन पठाण हमाल न बोलावता आले, भाऊजींसकट खुर्ची उचलून पायऱ्या चढवून दिली आणि आपल्या वाटेने गेले. बोकडासमोर ताईंनी खुर्ची थांबवली. भाऊजींनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांचा अर्धा ओठ वर गेला. ताईंनी माझा हात इतक्या जोरात दाबला की बांगडी रुतली.

चहाच्या दुकानात चाचा वाजवत होते. ताई गल्ल्यापाशी उभ्या राहून मालकाला चहात साखर कमी घालायला सांगत होत्या. मी भाऊजींजवळ बसले होते. ढोलाच्या ठेक्यावर त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर पडायला लागला. आणि मग, जरा बोबडं पण स्पष्ट, तालात:

"बे एके बे… बे दुणे चार…"

मला वाटलं भास झाला.

"बे त्रिक सहा. बे चोक आठ. बे पंचे दहा."

गल्ल्यापाशी ताई होत्या तिथेच थिजल्या. चाचांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्यांना वाटलं, पाहुणा गातोय. त्यांनी मान डोलावली आणि ऊदाचा सूर भाऊजींच्या मागे वळवला. ढोलवाल्याने ठेका धीमा केला. बेचा पाढा संपला, तिनाचा सुरू झाला. शाळेच्या ओसरीवर मुलं हेल काढून म्हणतात तसा. चारावर आल्यावर भाऊजींना दम लागला. चहा पिणाऱ्यांतून कोणीतरी "माशाल्ला" म्हणालं.

चाचांनी ताईंना विचारलं, "बहुत अच्छा. ये किस का कलाम है?"

ताईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. "हमारे स्कूल का है, चाचा."

थेरपिस्टने नंतर समजावलं, की बोलण्याची वाट बंद झाली तरी लहानपणी घोकलेलं, तालात बसलेलं कधीकधी दुसऱ्या वाटेने बाहेर येतं. मग दर शुक्रवार ठरूनच गेला. पाढ्यांनंतर वार आले, वारांनंतर महिने. चाचा सगळ्याला चाल लावून द्यायचे. श्रावण-भाद्रपद ऊदावर ऐकलेली माणसं जगात फार नसतील.

तरी पाठांतर वेगळं आणि स्वतःचा शब्द वेगळा. तो येत नव्हता. आणि मग एका सोमवारी ताई ऑफिसात पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. आनंदाने चेहरा फुललेला.

"काल मी नेहमीसारखी काय हवं, काय हवं करत होते. आणि हे माझ्याकडे बघून म्हणाले, 'गप!' अगदी स्वच्छ! 'गप!' म्हणाले मला!"

सगळ्या ऑफिसला पेढा मिळाला. अकाउंट्सच्या साहेबांनी दोन घेतले.

पुढे भाऊजी काठीवर आले. अडखळत का होईना, चार शब्दांची वाक्यं जुळायला लागली. पण दुक्मची नोकरी पुन्हा होण्यासारखी नव्हती. मुलीने दोघांना मिलवॉकीला बोलावून घेतलं आणि ताईंनी राजीनामा दिला. शेवटच्या शुक्रवारी चाचांनी भाऊजींच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "इन्शाल्ला, वहाँ भी गाना." विमानतळावर ताई जाईपर्यंत मला सूचना देत होत्या, मी हं-हं करत होते.

तिकडून त्यांचे व्हॉइस मेसेज यायला लागले. लांबलचक, श्वास न घेता. "अगं, इथे डायनर म्हणून असतात. पहाटे उघडतात, लाल रेक्झिनची बाकं, आणि कॉफीचा कप रिकामा होऊच देत नाहीत. वाढणारी बाई मला 'हनी' म्हणते. जुन्या कारखान्यांच्या विटांच्या भिंती आहेत, त्यांवर चार-चार मजले उंच चित्रं काढलीत. मान दुखते बघून. उन्हाळ्यात बागेत बँड वाजतो. लोक घरून खुर्च्या आणतात, सोबत डबेही. यांना अकॉर्डियन फार आवडलंय." शहर बदललं होतं, बाई तीच होती. भाऊजींना घेऊन तिथेही सगळं पायी चाललं होतं.

परवा मेसेज आला तेव्हा मी रुवीत सिग्नलला थांबले होते. कुठल्यातरी डायनरमधला असावा. कपबशांची किणकिण, मागे कोणीतरी गिटार जुळवत होतं. आवाज भाऊजींचा होता.

"आज आम्ही… एक भिंत… पाहिली. तिच्यावर… मोठं… मोठं…"

आणि शब्द अडला.

मी वाट बघत राहिले. आता ताई सांगतील, मग सांगतील. कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. वाढणाऱ्या बाईने इंग्रजीत काहीतरी विचारलं, ती निघून गेली. गिटारची एक तार पुन्हा पुन्हा वाजली. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला. मी गाडी कडेला घेतली.

"…तळं," भाऊजी म्हणाले. "तळं काढलंय. निळं."

मेसेज तिथेच संपला. ताईंचा आवाज त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेच नव्हता.